तगरीवरची दोन पाखरे

नागापूरच्या आमच्या घरासमोर एक तगर आहे. नगर शहराकडून (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ अजून वळत नाही) मनमाड रस्त्याने निघाले, की सीनेचा पूल ओलांडल्यावर कारखान्यांचा मुलूख लागतो. त्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांनी सोसायटीच्या कर्जावर, हप्त्याहप्त्याने बांधलेल्या घरांपैकी आमचे एक. दोन खोल्या, ओटा, चार हात अंगण आणि अंगणात ही तगर. ती अण्णांनी लावली. का लावली, कुठून आणली, हे त्यांनी कधी सांगितले नाही. ते काहीच फारसे सांगत नसत.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या तगरीत एकाच वेळी दोन बिऱ्हाडे नांदत होती. पाच फुटांवरच्या एका दुबेळक्यात लालबुड्या बुलबुलाचे वाटीएवढे घरटे होते. काड्या, मुळे, कोळ्याची जाळी आणि त्यात गुंफलेली तांब्याची बारीक तार. कोपऱ्यावरच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानासमोर असल्या तारेचे तुकडे नेहमी पडलेले असतात. घरट्यात तीन अंडी होती, गुलाबी झाक असलेली, तांबड्या ठिपक्यांची. आणि त्याच झाडाच्या रस्त्याकडच्या बाजूला पाने भराभर नाहीशी होत होती. खालच्या फरशीवर मिऱ्यांसारख्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, तेव्हा मी वर पाहिले. बोटाएवढी जाड, पोपटी रंगाची अळी. शेपटाकडे एक पिवळसर शिंग. आणि तिला डिवचल्यावर मानेजवळ एकदम उघडलेले दोन निळे डोळे. ते डोळे खोटे असतात. खरे डोके ती पुढे वाकवून लपवते आणि शत्रूला हे रंगवलेले डोळे दाखवते.

ही अळी एका मोठ्या पतंगाची. शास्त्रीय नाव डाफ्निस नेरिआय. इंग्रजीत त्याला ओलिअँडर हॉक मॉथ म्हणतात, म्हणजे कण्हेरीवरचा ससाणा. कण्हेर, तगर, सदाफुली ही याची झाडे. कण्हेरीचे विष खेड्यात कोणाला ठाऊक नाही? जनावर तिला तोंड लावत नाही. हा जीव तीच पाने खाऊन वाढतो, वीतभर पंख फुटून बाहेर येतो, आणि त्या पंखांवर हिरव्या, गुलाबी, पांढरट रंगांच्या लाटा अशा काढलेल्या असतात, की पानांत बसला तर शोधूनही सापडत नाही.

मी मराठीची प्राध्यापक. प्राणिशास्त्राशी माझा संबंध अकरावीतच संपला. पण या दोन प्राण्यांशी माझे एक जुने प्रकरण आहे, आणि त्यात मी चुकले होते असे आता वाटते, म्हणून हा लेख.

अण्णा २००४ साली गेले. वसाहतीतल्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षे मशीनवर होते आणि त्यांतली निम्मी वर्षे तरी त्यांनी तिसऱ्या पाळीत काढली. रात्री साडेअकराला सायकल बाहेर पडायची आणि सकाळी आम्ही शाळेला निघताना परत यायची. ते यायचे, चहा घ्यायचे, तोंडावर टॉवेल टाकून झोपायचे. आमचे बालपण 'हळू बोला, अण्णा झोपलेत' या एका वाक्यात मावेल. आई नेवासे तालुक्यातली. तिच्या तोंडाला खळ नसे. पहाटे ओव्या, मग भजनी मंडळातले अभंग, मग शेजारणीशी, दूधवाल्याशी, रेशन दुकानदाराशी, वेळ पडली तर देवाशीही मोठ्याने भांडण.

नोकरीला लागल्यावर, २००६ साली, मी अण्णांवर एक ललित लेख लिहिला. नुकतीच फारसी-उर्दू काव्यसंकेतांची तोंडओळख झाली होती आणि नव्या शिकलेल्या गोष्टी कुठेतरी वापरल्याशिवाय त्या वयात चैन पडत नसते. फारसी कवितेत प्रेमिकांच्या दोन जोड्या आहेत: शमा आणि परवाना, गुल आणि बुलबुल. परवाना ज्योतीत उडी घेतो आणि संपतो. बुलबुल गुलाबासमोर रात्रभर गात राहतो. १२५८ साली लिहिलेल्या 'गुलिस्ताँ'च्या प्रास्ताविकात शेख सादी या दोघांना समोरासमोर उभे करतो आणि निकाल परवान्याच्या बाजूने देतो. जळतानाही त्याने आवाज केला नाही, ही सादीच्या लेखी खऱ्या प्रेमाची खूण. गाणारा पक्षी त्यापुढे कच्चा. माझ्या लेखाचा सांगाडा मला आयताच मिळाला होता. रात्री भट्टीच्या उजेडाकडे जाणारे, कधी चकार शब्द न काढलेले अण्णा म्हणजे परवाना. सतत बोलणारी, गाणारी आई म्हणजे बुलबुल. लेख पुष्कळांना आवडला. दोघातिघांनी डोळ्यांत पाणी आल्याचे कळवले. आईने चष्मा लावून, बोट फिरवत, दोन दिवसांत तो वाचला आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंस." त्याहून जास्त काही बोलली नाही. तिच्याकडून ही प्रतिक्रिया फार तोकडी आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते.

त्या लेखात मी तिसरा साक्षीदार म्हणून मौलाना आझादांनाही उभे केले होते. नागापूरहून भुईकोट किल्ला काही मैलांवर. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तिथे ठेवले गेले. नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे नगरच्या प्रत्येक शाळकरी मुलाला घोकवलेले असते. आझादांचे 'गुबार-ए-खातिर' मात्र फार थोड्यांना माहीत असते. एका मित्राला लिहिलेली, पण तुरुंगातून धाडता न आलेली ही पत्रे १९४६ साली पुस्तकरूपाने आली. त्यात त्यांच्या खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांवर मार्च १९४३ मधली पत्रे आहेत, कावळ्यांवर आणि बुलबुलांवर एक पत्र आहे. आणि पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिलला, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असताना, सरकारकडे काही मागायचे असेल तर कळवावे, असे आझादांना तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले होते. त्यांनी नकार दिला. दिनक्रम मोडला नाही. हिंदुस्थानातला एक थोर वक्ता या बाबतीत तोंड मिटून बसला, असे मी लिहिले होते, आणि पुन्हा परवान्याकडे बोट दाखवले होते.

आता वाटते, मी ते पुस्तक अर्धेच वाचले होते. आझाद गप्प राहिले हे आपल्याला कळते कसे? त्यांनी ते लिहिले म्हणून. पत्नीच्या निधनानंतर दोन दिवसांनी त्यांनी पत्र लिहिले, आणि वरून शांत दिसण्यासाठी आतून किती ओढाताण करावी लागली तेही त्यात सांगितले. पोस्टात न पडणारे पत्र लिहिणारा माणूस मुका नसतो.

पण हे पुढचे झाले. गेल्या जूनकडे परत येते.

शेजारच्या मुलाने अळ्या पाहिल्या आणि फवारणीचा पंप आणतो म्हणाला. मीही होकार दिला होता. आईने हटकले. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आवाज थोडा बसला आहे, बोलणे नाही. "पानं खाल्ली तर परत येत्यात. वर बुलबुलीची पिल्लं हायेत, त्यांच्या तोंडात जायचं ते औषध." खरेच होते. प्रौढ बुलबुल फळांवर, मधावर भागवतो, पण पिलांना किडे लागतात. नर आणि मादी, दोघेही भरवतात. दोघे दिसायला इतके सारखे, की कोणती खेप कोणाची ते ओळखता येत नाही. मी ओट्यावर पेपर तपासत बसायचे आणि समोर दर काही मिनिटांनी कोणीतरी चोचीत काहीतरी घेऊन यायचे. एकदा त्या चोचीत बारीक हिरवी अळी वळवळताना पाहिली. एकाच झाडाचे पान एका वाटेने अळीत जात होते आणि अळी दुसऱ्या वाटेने बुलबुलात जात होती. कवितेत या दोघांची गाठ पडते ती तात्त्विक पातळीवर. आमच्या तगरीत ती जेवणाच्या पातळीवर पडत होती.

एके दिवशी दुपारी घरट्याखाली मांजर आले. बुलबुलाने जो कल्ला केला, त्याला गाणे म्हणणे कठीण. शेपटीखालचा तांबडा ठिपका फुलवून, तुरा उभारून, एका फांदीवरून दुसरीवर आपटत तो ओरडत होता. दोन मिनिटांत चिमण्या आल्या, सातभाई आले, समोरच्या निंबावरची साळुंकी आली. बुलबुलाची ही धोक्याची हाक इतर पक्षीही मानतात, असे पक्षीतज्ज्ञांनी नोंदवले आहे. मांजर कान पाडून निघून गेले. आई आतून ओट्यावर आली, सगळे बघून घेतले आणि खुर्चीत बसत म्हणाली,

"तू त्या लेखात अण्णांना दिव्यावरचं पाखरू केलंस आन् मला बुलबुल. बुलबुलीनं काय काय केलं ते कुठं लिहिलंस?"

एकोणीस वर्षांनी.

मग ती बोलली. पहाटे ओव्या म्हणायची ती हौस म्हणून थोडीच. अण्णा यायच्या वेळेला जागे राहायचे असे, आणि थर्ड शिफ्टची बाई झोपेशी अशीच झगडते. रेशनवाल्याशी भांडायची, कारण तो मापात मारायचा. पगार थकला तेव्हा चार बायका गोळा करून कारखान्याच्या फाटकावर ती गेली होती. अण्णा त्या दिवशीही मान खाली घालून मशीनवर होते. आणि शेवटी म्हणाली ते मी लिहावे की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. अण्णांच्या छातीत सहा महिने दुखत होते. ते त्यांनी पाळीतल्या एका सोबत्याला सांगितले होते, घरात कोणाला नाही. आईला हे कळले ते दशक्रियेच्या दिवशी, अमरधामातून परतल्यावर, त्या सोबत्याच्या तोंडून. "तोंड उघडलं असतं तर आज बसले असते हितं. तू त्याचं कौतुक लिहिलंस. मी म्हणलं, पोरीला आवडतंय तर असू दे."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. सादीचे नाव घेण्यात अर्थ नव्हता.

तिचे स्वतःचे वाङ्मयीन मत तर सादीच्या उलटच होते, हे त्या संध्याकाळी समजले. आईच्या कानावरून 'एकनाथी भागवत' अनेकदा गेले आहे. दर चातुर्मासात मंडळात त्याचे वाचन होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात आणि त्यांत पतंग आहे. पण तो आदर्श म्हणून येत नाही. रूपाला भुलून नाश पावलेला जीव म्हणून येतो, म्हणजे काय करू नये ते शिकवणारा गुरू. गीतेच्या अकराव्या अध्यायातही पतंग ज्योतीत शिरतात ते नाशासाठीच. ज्या गीतेवर आमच्याच जिल्ह्यात, नेवाशात, ज्ञानेश्वरांनी भाष्य सांगितले, आणि एकनाथांनी १५७३ साली काशीत जो ग्रंथ पुरा केला, ती परंपरा घरात होती. मी मराठीची एम.ए. आणि परवान्याचे कौतुक उसने आणायला शिराझपर्यंत गेले! फारसी संकेत वाईट असे मला म्हणायचे नाही. परंतु एकाच किड्याला एक परंपरा हुतात्मा मानते आणि दुसरी मूढ, हे ठाऊक असते तर अण्णांना मखरात बसवण्यापूर्वी मी क्षणभर थांबले असते.

आणि किड्याला यातले काय ठाऊक? जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या कीटकांचे उड्डाण टिपून संशोधकांनी दाखवले, की कीटक दिव्याकडे ओढले जात नाहीत. उडताना ते आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. कोट्यवधी वर्षे उजेडाची बाजू म्हणजे आकाशाची बाजू होती, तेव्हा ही खूण बिनचूक होती. माणसाचा दिवा मध्येच आला, की पाठ त्याच्याकडे वळवता वळवता कीटक त्याच्याभोवती घिरट्या घालू लागतो आणि सुटता सुटत नाही. ज्याला आपण आठ-नऊशे वर्षे आत्मसमर्पण म्हणत आलो, ती वर-खालीची चुकामूक आहे. संस्कृतातला 'पत्' धातू इथे आठवतो: त्याचा अर्थ उडणे आणि पडणेही; 'पतत्र' म्हणजे पंख त्यातूनच आणि 'पतन'ही त्यातूनच. 'पतंग' या शब्दाचे तर विचारूच नये. किडा, पक्षी आणि सूर्य, तिघांनाही तो चालतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पतंगसूक्तात पतंग म्हणजे प्रकाशच आहे.

मला सर्वांत गंमत वाटली ती पुढच्या तपशिलाची. त्या अभ्यासात या नियमाला जे दोन अपवाद आढळले, त्यांत एक फळमाशी आणि दुसरा आमच्या तगरीवरचाच, डाफ्निस नेरिआय. दिव्यावरून उडताना त्याचा तोल गेला नाही. म्हणजे अण्णांसाठी परवाना शोधायला मी अंगणात पाहिले असते, तरी तिथे तो मिळाला नसता.

दुसऱ्या बाजूलाही तोच गोंधळ. फारसी बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. आमच्या कुंपणावरचा बुलबुल त्याचा जवळचा नातलगही नाही. फारसी बोलणाऱ्यांनी इथे आल्यावर ते नाव याला दिले आणि ते चिकटले. युरोपीय शास्त्रज्ञांनीही याच्यावर कमी अन्याय केला नाही. १७६६ मध्ये लिनिअसने याला 'काफर' हे जातिनाम दिले, ते हा पक्षी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा आहे अशा चुकीच्या समजुतीने. तो तिथला नव्हेच. पण नियम असा, की दिलेले नाव सहसा बदलत नाही. उलट पतंगाच्या वाट्याला 'डाफ्निस' आला. हा ग्रीक कथांमधला मेंढपाळ, रानातल्या गीतांचा आद्य गायक! मुक्याला गवयाचे नाव आणि गाणाऱ्याला परक्या मुलखाचे. आणि तो मूळचा नाइटिंगेल तरी गुलाबासाठी गातो का? रात्रभर गाणारे नर बहुतांशी जोडीदार न मिळालेले असतात. जोडी जमली की रात्रीचे गाणे बहुधा थांबते. घर मांडल्यावर त्याला वेळ होत नसावा. आमच्या आईच्या बाबतीत उलटे झाले, एवढे नमूद करते.

मुकेपणाबद्दलही एक सांगायला हवे. २०१३ साली बोर्निओतल्या तीन हॉक मॉथ जातींवर एक शोधनिबंध आला: वटवाघळाचा आवाज आला, की हे पतंग पोटाच्या टोकाकडचे भाग घासून स्वतः आवाज करतात. तो इतका वरच्या पट्टीतला असतो, की माणसाच्या कानाला लागत नाही. हे वाचल्यावर पहिला मोह झाला तो अर्थातच अण्णांचा: ते बोलत होते, आम्हालाच ऐकू आले नाही, असे लिहून टाकावे. पण पुन्हा तेच होईल. आणि अण्णांचे बोलणे ज्याला ऐकू आले तो सोबती चार गल्ल्या सोडून राहत होता. ते घरी सांगण्याचे अण्णांनी टाळले, इतकीच गोष्ट आहे. पतंगाच्या आवाजाने ती भरून येत नाही.

जूनच्या शेवटी पिले उडाली. दोनच, तिसऱ्या अंड्याचे काय झाले कळले नाही. त्याच आठवड्यात एक अळी हिरवी होती ती तपकिरी झाली आणि झाडावरून उतरून फरशीवरून घाईघाईने चालू लागली. कोश करण्यासाठी ती असा पाचोळा शोधत निघते. आईने तिला सुपलीत घेतले, कोपऱ्यात वाळक्या पानांचा ढीग होता त्यात सोडले आणि वर बांबूची पाटी उपडी घातली. "मांजर हाय," एवढेच म्हणाली. मग रोज सकाळी पाटी उचलून बघायची. पंधरा-सोळा दिवसांनी रात्री मला हाक मारली. पतंग पाटीच्या आतल्या बाजूला उलटा लटकला होता आणि चुरगळलेले पंख हळूहळू सोडवत होता. तासाभराने पंख ताठ झाले. आम्ही पाटी बाजूला केली. ओट्यावरचा साठचा बल्ब लावलेला होता. आईने मुद्दाम लावला होता, मला दाखवायला, की आता तो कुठे जातो ते बघ.

तो बल्बखालून सरळ निघून गेला, सीनेच्या बाजूला, अंधारात. एका पतंगाने काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे.

"नाव काय म्हणलीस याचं?" आईने विचारले. मी सांगितले. तिने दोनदा म्हणून पाहिले, जमले नाही. "पाखरूच की," म्हणाली आणि दिवा घालवला. तिच्या माहेरी दोघांनाही एकच शब्द आहे. बोंडअळीचे तेही पाखरू आणि झाडावर बसते तेही पाखरूच.

तगरीला आता पुन्हा पाने आली आहेत. एक फांदी विजेच्या तारेला लागते, ती छाटायला हवी. पण त्याच फांदीवर पुन्हा काड्या दिसू लागल्या आहेत, तेव्हा आईने छाटणाऱ्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितले आहे.